मागची रांग

उसाला तुरे आले की माझा फोन वाजायला लागतो आणि शेतकऱ्याचं तोंड कडू होतं. तुरा आला म्हणजे उसाची वाढ थांबली, आता तो आतून पोकळ होत जाणार, आणि कारखान्याची तोडणी टोळी तर अजून फडाकडे फिरकलेली नाही. ज्याच्या रानात तुरा, तो माणूस चहा पितानासुद्धा कारखान्याच्या नावानं बोटं मोडत असतो. आणि मी त्याच्याच बांधावर उभी राहून म्हणते, "काय झकास बॅकग्राउंड आहे!" मागे एकदा ताकारीजवळ एका म्हाताऱ्यानं मला ढेकूळ मारायचंच तेवढं बाकी ठेवलं होतं. "आमचं वजन घटतंय आन तुला त्यात चांदी दिसतीया व्हय?" म्हणाला.

दिसते, खरंच दिसते. दुपारी तुरे मळकट असतात, झिजलेल्या केरसुणीसारखे. पण सूर्य कलला आणि तुऱ्यांच्या मागून उजेड आला की एकेक तुरा आतून पेटतो. तो उजेड जेमतेम अर्धा तास टिकतो. दिवाळी झालेली असते, फौजेतली पोरं सुट्टीवर आलेली असतात, लग्नं जमत असतात, आणि प्रत्येक घराला वाटतं, एकदा सगळ्यांचा मिळून फोटो व्हावा. त्या अर्ध्या तासावर माझं घर चालतं.

यंदाही तुरे आलेत. परवा कराडहून सांगलीकडे जाताना रस्त्याच्या दोन्ही अंगांना पांढरं हलताना दिसलं आणि सवयीनं मी जागा हेरायला लागले. हा फड पश्चिमेला आहे, इथं बांध उंच आहे, इथं विजेचा खांब मध्ये कडमडतो. मग एक वळण आलं आणि थोरातांचा फड दिसला. सहा वर्षं ते वळण आलं की मी दुसऱ्या बाजूला बघत होते. या वेळी बघितलं, कारण या वेळी मला तिथंच जायचं होतं.

कराडला माझा स्टुडिओ आहे. पासपोर्ट फोटोच्या ज्या दुकानात मी झाडू मारायला लागले, ते दुकान आज माझं आहे. मधल्या वर्षांत मला कुणी काही फुकट दिलं नाही आणि मीही कुणाला दिलं नाही. दर सांगितला की समोरचा आधी आभाळाकडे बघतो, मग बायकोकडे बघतो, मग म्हणतो, "ताई, घरचंच समजा." घरचंच म्हटलं की मी सावध होते. "तुम्ही म्हणाल ते," असं म्हणणाऱ्यापासून तर चार हात लांब. तो शेवटी सगळ्यात जास्त चिवट निघतो.

घरच्या मंडळींचे उघड्यावरचे फोटो मी पंच्याऐंशी मिलिमीटरच्या लेन्सनं काढते. ती मी मिरजेहून आणली, जुनी, कुणीतरी वापरलेली. सतारी बनवणाऱ्यांच्या शेजारी एक छोटं दुकान आहे, दुकानदार वयस्क, त्यांना सगळे काका म्हणतात. चेहऱ्यांसाठी याहून चांगली लेन्स नाही, असं सगळेच सांगत होते, आणि सगळे एकच गोष्ट सांगायला लागले की मला आधी संशय येतो. तीन वेळा मी दर ऐकून उठून आले. चौथ्या खेपेला काकांनी हात टेकले आणि मी म्हणेन त्या भावात दिली. एसटीत बसल्यावर आनंद व्हायचा सोडून मी लेन्स उलटीसुलटी करून बघत बसले. एवढ्यात दिली म्हणजे खोट असणार. घासाघीस करणाऱ्या माणसाचं हे असंच असतं. हरलं तर लुबाडल्यासारखं वाटतं, जिंकलं तर फसवल्यासारखं.

ही लेन्स माणसांपासून लांब उभं राहायला लावते. पाच-सहा जणांचं घर चौकटीत घ्यायचं तर बरीच पावलं मागं जावं लागतं, आणि मग तिथून ओरडावं लागतं. ओरडणं मला जमतं. "नाना, हनुवटी खाली! वहिनी, ऊन डोळ्यांत घेऊ नका, पाठीवर घ्या! ए बारक्या, बोट काढ नाकातनं!" लांबून काढलेला चेहरा चेहऱ्यासारखा येतो. नाक फुगत नाही, कान मागं पळत नाहीत. आणि मागचं रान असं विरघळतं की खताची पोती, पाण्याची मोटर, शेजाऱ्याची म्हैस, सगळं नाहीसं होऊन नुसता उजेड उरतो.

हसा म्हणायचं नाही, हे मी लवकर शिकले. हसा म्हटलं की आमच्याकडची माणसं दात आवळतात आणि दवाखान्याबाहेर नंबर लावून बसल्यासारखी दिसतात. त्यापेक्षा सासूला सांगायचं, सुनेचा पदर नीट करा. हात लागला की दोघींचे चेहरे बदलतात. कधी हात लागतच नाही, तेही दिसतं. जवानाला 'मोकळं उभं राहा' म्हटलं तर तो विश्राममध्ये उभा राहतो, त्याच्या कडेवर पोर द्यायचं. आणि सगळे आपापली जागा घेत असताना कॅमेरा खाली ठेवून बघायचं, कोण कुणाशेजारी जात नाही. दोन भावांत फट राहिली की मी समजते, वाटणी झालीय नाहीतर व्हायची आहे. मध्ये एखादं नातवंड उभं करायचं. कितीतरी घरांच्या फटी मी नातवंडांनी बुजवल्यात.

थोरातांच्या घरात फट नव्हती. तिथं बांध होता.

सहा वर्षांपूर्वीचे तुऱ्याचेच दिवस. थोरातांचा धाकटा मुलगा विकास फौजेत होता, सुट्टी संपवून परत निघायचा होता. त्याच्या पेटीतून न्यायला एक लहान फोटो आणि सोप्यात लावायला एक मोठा, अशी ऑर्डर. घरात वडील नाना, आई आक्का, विकास, त्याची बायको, दोन पोरं आणि थोरली सून सुमन. थोरला मुलगा दुखण्यात गेला, त्याला तेव्हा दोन-तीन वर्षं झाली असतील.

आक्कांनी मला दारातच गाठलं. "पावण्यांच्यात लग्नाला फोटूवाला आलता, त्यानं निम्म्यात काढलं, आन वर अल्बम फुकाट."

"मग त्यालाच बोलवायचं की."

"बोलवलाबी असता. त्यो गडी तुझ्यासारका तोंडाळ न्हाई."

"आक्का, तोंडाचे पैसे मी अजून लावलेच नाहीत."

विकास मध्ये पडला. "आये, गप की जरा! ताई, तुमी चला, सूर्व्या चाललाय." भांडण मिटलं, पण ठिणगी माझ्याही डोक्यात राहिली आणि आक्कांच्याही.

फडाच्या कडेला दोन खुर्च्या मांडल्या. नाना-आक्का बसले, खुर्च्यांना लगटून विकास आणि त्याची बायको, पोरं पुढ्यात. सुमन बाजूला उभी होती, हात पदरात गुंडाळून. मी लांबून ओरडले, "अहो, तुम्ही या की. विकासभाऊंच्या शेजारी या." कुणी हललं नाही. आक्का मान न वळवता म्हणाल्या, "ती मागं बांधावर हुभारती. तिचं ठरल्यालं हाय."

फौजेत परत निघालेल्या पोराच्या शेजारी विधवा बाई नको, एवढाच त्याचा अर्थ. हे मला नवीन नव्हतं. अलीकडे बऱ्याच गावांनी असलं काही पाळायचं नाही असे ठराव केलेत. एका गावात ठरावाच्या फलकाचा फोटो काढायला मीच गेले होते. पुढं सगळे पुढारी उभे राहिले, आणि ज्यांच्यासाठी ठराव, त्या बायका मागच्या रांगेत. तर आक्कांचं ऐकून मी काही बोलले नाही. चार पैशांसाठी दारात भांडले होते, यासाठी नाही भांडले. उजेड चालला होता, असं तेव्हा मनाशी म्हटलं.

सुमन बांधावर चढली. सगळ्यांच्या मागं, तीन-चार हात लांब. मागची रांग म्हणजे ती एकटी.

आता ही लेन्स अशी आहे की तिचं तोंड पूर्ण उघडलं की स्वच्छ दिसणारा पट्टा फार अरुंद होतो. त्या पट्ट्यात जो उभा तो डोळ्याच्या पापणीपर्यंत स्वच्छ, त्याच्या पुढचा-मागचा पुसट. म्हणून दोन रांगा असल्या तर तोंड आवळायचं, नाहीतर सरळ एकच रांग करायची. फोटो काढणारा कुणीही हे सांगेल. पण त्या दिवशी तुरे असे पेटले होते की मला ते तुपासारखे विरघळलेले हवे होते. मी तोंड पूर्ण उघडं ठेवलं, आक्कांच्या डोळ्यावर नेम धरला आणि काढत सुटले.

मोठा फोटो तयार झाला तेव्हा मी स्वतःच त्याच्यासमोर उभी राहिले. नानांच्या मिशीचा केस न् केस मोजावा. मागं नुसतं सोनं. आणि त्या सोन्यात बांधावर एक बाई, गरम भाताच्या वाफेतून दिसावी तशी. नाक कुठं, डोळे कुठं, अंदाजानं ओळखायचं. मी कागदात गुंडाळून पोचवला. आक्का बराच वेळ बघून म्हणाल्या, "बरा आलाय." आक्कांच्या तोंडून बरा म्हणजे पदकच. मागच्या रांगेबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही.

आठ दिवसांनी सुमन दुकानात आली. एकटी, हातात दवाखान्याची पिशवी. काउंटरच्या पलीकडे उभी राहून हळूच म्हणाली, "ताई, फोटूत मी दिसतच न्हाई वं."

मी पहिला प्रश्न काय विचारला असेल? "तुम्हाला कुणी पाठवलं?"

"कुणी न्हाई. आक्कास्नी म्हाईतबी न्हाई. दवाखान्याचं सांगून आलीया."

माझ्या डोक्यात लगेच हिशेब जुळला. आक्कांचीच चाल ही. दारात दर पडला नाही, म्हणून आता गरीब तोंडाची सून पाठवली. खोट काढायची आणि फुकटात दुसरा फोटो काढून घ्यायचा. मी आवाज चढवला. "हे बघा, माझी काही चूक नाही. लेन्समध्येच खोट आहे, मिरजेच्या माणसानं फसवलं मला. आक्कांना सांगा, दुसरा फोटो काढायचा तर दुसरा दर."

ती थोडा वेळ काउंटरच्या काचेखालचे फोटो बघत राहिली. मग म्हणाली, "दुसरा एकांदा न्हाई का? तवा लय येळा काढलं तुमी. एकांद्यात आली आसंन मी."

"नाही," मी म्हणाले. बघितलंसुद्धा नाही.

ती गेली, आणि मी त्याच रागात दुसऱ्या दिवशी मिरजेला गेले. काकांच्या पुढ्यात फोटो टाकला. "काका, खोटी लेन्स गळ्यात मारलीत माझ्या."

काकांनी फोटो डोळ्याजवळ धरला. "किती उघडी ठिवली हुती, बाई?"

"ते मला शिकवू नका."

ते उठले. शेजारच्या सतारवाल्याकडून तीन कोरडे भोपळे मागून आणले आणि ओट्यावर एकामागं एक मांडले. आधी पुढच्यावर नेम धरला. पुढचा स्वच्छ, मागचे धुरकट. मग मागच्यावर धरला. मागचा स्वच्छ. मग तोंड आवळून काढला, तर तिन्ही स्वच्छ. "लेन्स चांगली हाय. कुठं बघायचं ते तुमी सांगायचं तिला."

"भोपळे तुमचे, ओटा तुमचा," मी म्हणाले. "सगळं आधीच जमवून ठेवलंय."

सतारवाला दारातून म्हणाला, "आवं बाई, भोपळं काय लाच खात्यात व्हय?" गल्ली हसली. मी तरातरा निघून आले.

तेव्हापासून मी ज्याला-त्याला सांगत आले की मिरजेला लेन्स घेऊ नका, फसवतात. राग पाळायला फार काही लागत नाही. अधूनमधून कुणाला तरी सांगत राहायचं, म्हणजे तो ताजा राहतो. गंमत अशी की त्याच खोट्या लेन्सनं मी सहा वर्षं फोटो काढत होते. कुणी विचारलं नाही, खोटी आहे तर वापरता कशाला. मीही स्वतःला विचारलं नाही.

यंदा विकासचा फोन आला. "ताई, वळाकला का? थोराताचा विकास. रिटायर हून आलो, आता घरीच. परत फोटू पायजे. त्योच बांध, तसंच तुरं. टोळी यायच्या आत या."

मी हो म्हटलं आणि फोन ठेवल्या ठेवल्या संशय आला. कराडमध्ये दुसरे फोटोवाले नाहीत? मलाच का? जुनं उकरून दर पाडायचा असेल. म्हटलं, आपण आधी जुने फोटो बघून तयारीत राहावं. जुनी डिस्क शोधली, त्या दिवसाचे सगळे फोटो उघडले.

प्रत्येक फोटोबरोबर कॅमेरा सगळं लिहून ठेवतो. लेन्स किती उघडी होती तेही. एक पॉइंट आठ. म्हणजे तोंड पूर्ण उघडं. शेवटपर्यंत एक पॉइंट आठ. मी एकदाही आवळली नव्हती. हा आकडा सहा वर्षं माझ्याच कपाटात होता.

आणि त्यात एक वाया गेलेला फोटो होता. सुमन बांधावर चढली होती पण पुढची पोरं अजून स्थिर नव्हती, तेव्हा सहज बटण दाबलं गेलेलं. कॅमेऱ्याचा नेम आक्कांच्या डोक्यावरून सुटून मागं गेलेला. पुढचे सगळे पुसट. आक्का मान वळवून पोरांवर खेकसतायत, विकास वाकलाय, आणि मागं बांधावर सुमन, पापणीपर्यंत स्वच्छ. पोरांच्या दंग्याला हसतेय. हात तोंडाकडे निघालाय पण अजून पोचलेला नाही. वाऱ्यानं कानाजवळची बट उडालीय, आणि डोक्यामागं तुरे पेटलेत. मी आजवर काढलेल्या चेहऱ्यांत इतका चांगला चेहरा थोडाच असेल, आणि तो मी मुद्दाम काढलेला नव्हता. ती काउंटरशी उभी राहून एकांद्यात आली आसंन म्हणाली, तेव्हा हा फोटो माझ्या मागच्या कपाटात, दोन हातांवर होता.

त्याचा एक लहान प्रिंट काढून पर्समध्ये ठेवला आणि गेले.

थोरातांच्या फडाला या खेपेला तुरे जास्तच आले होते. नाना टोळीच्या मुकादमाला शिव्या घालत बसले होते. पोरं ताडमाड वाढलेली. आक्का खुर्चीवर बसल्या आणि मागं न बघताच बोलल्या, "सुमे, जा बांधावर."

मी कॅमेऱ्यामागून ओरडले, "बांधावर नको. सगळे एका रांगेत."

"का वं?" आक्का लगेच ताठ झाल्या. "मागल्या खेपंला दोन रांगा चालल्या की."

म्हणता आलं असतं की लेन्स बदललीय. म्हणता आलं असतं की आता अशीच पद्धत आहे. जीभ तिकडे वळलीही होती.

"नाही चालल्या, आक्का. मागच्या खेपेला माझी चूक झाली. मागचं माणूस पुसलं गेलं."

इतक्या लांबून बोलायचं म्हणजे ओरडूनच बोलावं लागलं. शेजारच्या रानातल्या बायकांनी माना वर केल्या. आक्कांनी माझ्याकडे बघितलं, मग सुमनकडे. त्यांच्या मनात काय चाललं होतं कोण जाणे. मग म्हणाल्या, "हुभारू दे हितंच. आता काय, पोरगा आलाय घरी."

म्हणजे त्यांचं काही बदललं नव्हतं, फक्त भीती संपली होती. मला ते दिसलं, आणि मी तेवढ्यावर समाधान मानलं असं नाही. पण बांधावर निम्मी चढलेली सुमन उतरली आणि विकासच्या शेजारी येऊन उभी राहिली. मी लेन्सचं तोंड आवळलं. तुरे विरघळले नाहीत, काडी न् काडी दिसत राहिली, मागची पाण्याची मोटरही आली. येऊ दे म्हटलं.

खुर्च्या घरात गेल्यावर सुमन बांधापाशी रेंगाळली. जवळ येऊन म्हणाली, "ताई, लेन्स बरी झाली व्हय तुमची?"

"लेन्स पहिल्यापासनं बरी होती."

मग मी विचारलं, "मला बोलवायला विकासला कुणी सांगितलं?"

"मी. दुसऱ्या कुणाला बोलवायचं म्हंजी, मी मागं कुठं हुते आन कशी पुसली गेली ते पयल्यापासनं सांगाय लागलं आसतं. तुमास्नी म्हाईत हुतं."

मी पर्समधून फोटो काढून दिला. तिनं तो दोन्ही हातांनी धरला. कितीतरी वेळ बघत होती. मग तोंडावर हात नेला, या वेळी पोचला. "आगं बया. आन ह्या फुडं कोण, आक्का?"

"आक्का."

"किती झालं ह्याचं?"

"राहू दे. तसाच घ्या."

"नगं. फुकाट घितलं तर तुमी परत इचारशीला, कुणी पाठवलं म्हणून."

मी दर सांगितला. नेहमीचा, एक पैसा कमी नाही. तिनं सरळ निम्मा केला. मी भडकले, खरोखरच भडकले, आणि बांधावर उभ्या राहून आम्ही दोघी भांडलो. शेवटी तिच्याच भावात दिला. परत निघताना लुबाडल्यासारखं वाटलं नाही, हे मला कराड आल्यावर कळलं.

काकांकडे अजून गेलेले नाही. जाईन. तिथला सतारवाला काय बोलेल ते आत्ताच ऐकू येतंय.

निघताना मी सुमनला एवढंच विचारलं होतं, की फ्रेम मोठी करून देऊ का. ती म्हणाली, "भिंतीला न्हाई लावायचा. माझ्या कपाटाच्या दाराला आतनं मावंल एवढा द्या." तिनं वितीनं माप दाखवलं. तेवढ्यात तिचा चेहरा मोठा बसवायचा तर पुढची माणसं कापावी लागणार होती. तशीही ती पुसटच होती, ओळखूही येत नव्हती. म्हणाले, "खालचा भाग कापते. तुमचा एकटीचा छान येईल."

तिनं फोटो छातीशी धरला.

"कापू नगा वं ताई," ती म्हणाली. "मला ल्हान करा, पण त्यास्नी ऱ्हाऊ द्या. पुसाट आसली तरी माझीच मानसं हायती."